नक्कलनवीस दिलावरची मासेमोजणी

भोरच्या कचेरीतल्या दिलावर आतार नावाच्या नक्कलनविसाला मासे मोजायला पाठवलं, याला कारण त्याचं स्वतःचं तोंड. हे तो पुढं वीस वर्षं स्वतःच सांगत असे. ऐकणारा भिडेखातर म्हणाला, की अहो, वरच्यांनी तरी चौकशी करायला नको होती का, तर दिलावर त्याला अडवायचा. म्हणायचा, "चौकशी केली होती. माझ्याकडंच केली होती. तिथंच तर सगळं बिघडलं."

झालं ते असं. भाटघरचं धरण पुरं होऊन सहा-सात वर्षं लोटली होती. भिंतीमागं वेळवंडीचं खोरं पार वरपर्यंत पाण्यानं भरलं होतं. धरणाकडच्या एका अधिकाऱ्याच्या मनात आलं, की या पाण्यात मासळी कोणती, ती कोणत्या महिन्यात वाढते आणि कोणत्या महिन्यात घटते, याची वर्षभर नोंद ठेवावी. मोजणी करायची ती नदी जिथं धरणाच्या पाण्याला मिळते तिथं. वर वाहतं पाणी, खाली थांबलेलं पाणी आणि मधे दोहोंची सरमिसळ. पत्रात लिहिलं होतं की ही जागा थोडीफार समुद्राच्या खाडीसारखी आहे, तरी मासळीची माहिती असलेला, लिहिता-वाचता येणारा इसम पाठवावा.

शिरस्तेदारांनी ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून सगळ्यांकडं पाहिलं. कचेरीतल्या बहुतेकांच्या घरी मासळी शिजतच नव्हती. ते सगळे एकदम आपापल्या दौतीत बघायला लागले. दिलावरनंही बघायला हवं होतं. पण खाडी हा शब्द कानावर पडला आणि त्याला राहवलं नाही.

"खाडीवर मी दोन वर्षं काढलीत," तो म्हणाला. "मासळीची आपल्याला चांगली पारख आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. वरंधा घाट उतरून महाडला त्याच्या मामाची वखार होती, आणि तिथं त्यानं दोन वर्षं कारकुनी केली होती. पण वखार सुक्या मासळीची. बोंबील, सुकट, खारा बांगडा. वासावरून बोंबलात कीड आहे की नाही हे तो दहा पावलांवरून सांगायचा, त्यात त्याचा हात धरणारं महाडात कुणी नव्हतं. खाडी मात्र वखारीच्या मागच्या भिंतीपलीकडं होती, आणि चिखलात जोडे खराब होतात म्हणून तो तिकडं फारसा फिरकला नव्हता. त्याच्यासमोर आलेला प्रत्येक मासा उन्हात वाळून, डोळे जाऊन, पोत्यात बसून आलेला असे.

घरी येऊन त्यानं ही बातमी सांगितली तेव्हा त्याची बायको बिलकीस तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुम्ही पाहिलेला एकही मासा ओला नव्हता," ती म्हणाली.

"मासा तो मासाच. ओला काय नि सुका काय."

"मग धरण आटल्यावर जावा की मोजायला."

दिलावर धरण आटायची वाट न बघता जानेवारीतच गेला. नदीच्या तोंडाशी काठावर भोई लोकांची दहा-बारा घरांची वाडी होती आणि जवळच जंगलखात्याची एक जुनी, रिकामी चौकी. तिथं त्यानं बिऱ्हाड मांडलं. शनिवारी भोरला घरी, सोमवारी परत. बरोबर एक फूटपट्टी, छापील तक्ते आणि जाडजूड नोंदवही. तक्त्यात रकाने होते: माशाचं नाव, संख्या, लांबी, शेरा. महिन्यातून दोन वेळा, ठरल्या पाच जागी जाळं टाकायचं, निघेल ते मोजायचं, मापायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचं.

जाळं टाकायला वाडीतला एक मिशाळ भोई मिळाला. महाडला होडीवाल्याला नाखवा म्हणतात, म्हणून दिलावर त्यालाही नाखवा म्हणायला लागला. त्या बिचाऱ्याला हा शब्द ठाऊक नव्हता, पण हा कचेरीचा मुन्शी शिकलेला माणूस, काहीतरी मानाचंच म्हणत असेल, असं समजून तो ओ द्यायचा. सगळी वाडी त्याला आबा म्हणायची. त्याची थोरली भावजय चंद्राबाई, साठीची, बारीक चणीची बाई, काठावर बसून मासे निवडायची. धरण व्हायच्या आधी नदी होती तेव्हापासून ती या पाण्यावर राहत होती.

पहिल्या दिवशी जाळं पालथं झालं आणि दिलावरच्या पायाशी पंधरा-वीस जिवंत मासे फडफडले. तो दोन पावलं मागं सरला. एवढं हलणारं काही वखारीत कधी आलं नव्हतं. नाव तर एकाचंही ठाऊक नाही. सरळ विचारावं, तर खाडीवरच्या दोन वर्षांचं काय होणार? मग त्यानं एक शक्कल काढली. पट्टीच्या टोकानं एक मासा हलवून, जणू आपल्याकडचं नाव मनात तयारच आहे अशा थाटात तो म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं हिला काय म्हणतात?"

चंद्राबाईनं त्याच्याकडं पाहिलं, पट्टीकडं पाहिलं आणि पुन्हा त्याच्याकडं पाहिलं.

"कोळशी," ती म्हणाली.

"बरोबर. आणि ही?"

"मळ्या."

"हां, मळ्याच."

आंबळी निघाली, तिलाही तसंच झालं. असं तीनदा-चारदा 'बरोबर' ऐकल्यावर चंद्राबाईचं डोकं चालायला लागलं. तिचा दीर जाळं धुवायला पलीकडं गेला होता. पायाशी एक लांब मिशांचा शिंगाडा मासा पडला होता.

"आणि हा?" दिलावरनं विचारलं.

"ह्यो व्हय," चंद्राबाई म्हणाली, "ह्यो कोंडिबा."

"बरोबर," दिलावर म्हणाला, आणि महिनाअखेर तक्त्यात वळणदार अक्षरात चढलं: कोंडिबा, अकरा, लांबी सरासरी नऊ इंच.

हातात धरताच निसटणारी एक लांबलचक वाम निघाली, तिला चंद्राबाईनं फुलाबाई म्हटलं. फुलाबाई ही तिची नणंद. तीही नोंदवहीत गेली. पहिल्या महिन्याचा तक्ता भोरला पोचला तेव्हा शिरस्तेदारांनी त्याच्या अक्षराचं कौतुक करून तो तसाच पुढं धाडला.

थंडीचे आणि उन्हाळ्याचे महिने असे बरे गेले. मोजणीचा हात बसला. काठावर उकिडवं बसून बसून दिलावरच्या धोतराला मासळीचा वास लागला, आणि बिलकीस शनिवारी त्याला दारातच थांबवून आधी कपडे बदलायला लावू लागली. आपण फार मोठं काम करतोय असं त्याला वाटायचं. संध्याकाळी भोई लोक तंबाखू मळत बसले की तो त्यांना खाडी सांगायचा. भरती कशी येते, ओहोटीला चिखल कसा उघडा पडतो, दर्याचा वारा कसा वाहतो. वखारीच्या खिडकीतून जे दिसलं त्याच्या चौपट.

एकदा चंद्राबाईनं विचारलं, "मुन्शी, तितली मासळी पावसाळ्यात वर नदीत चढती का?"

दिलावरला काहीच ठाऊक नव्हतं. "तिथली मासळी खाऱ्या पाण्यातली," तो म्हणाला. "तिला चढण्याची सवय नाही."

"आसं व्हय," म्हणून चंद्राबाई गप्प बसली. ती अशी गप्प बसली की समजावं, काहीतरी चुकलंय, हे दिलावरला पुढं कळायला लागलं. तेव्हा कळत नव्हतं.

मग पावसाळा लागला. नदी गढूळ होऊन दोन्ही काठांना भिडली, आणि तोंडाशी मासे कमी व्हायला लागले. जूनच्या पहिल्या मोजणीत एकशे चाळीस. दुसरीत एकतीस. जुलैच्या पहिल्या मोजणीत पाच जागी मिळून चार मासे निघाले, त्यातले दोन कोंडिबा. दिलावरनं घोंगडी पांघरून तेच पाच टप्पे पुन्हा तपासले. नदीच्या अंगानं थोडं वर जाऊन बघावं असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण वरची वाट चिखलाची होती, आणि तक्त्यात तशी जागा छापलेली नव्हती.

चौकीत बसून त्यानं तक्ता भरला. आकड्यांचे रकाने जवळजवळ मोकळे, त्यामुळं शेऱ्याचा रकाना फारच मोठा दिसायला लागला. त्यानं लिहिलं: मत्स्यसंख्या जवळजवळ नष्ट झाली आहे. वाक्य छान उतरलं. पण त्याखाली अजून दोन ओळींची जागा उरत होती. मग त्यानं कारणही लिहिलं: गढूळ पाणी व भोई लोकांची बेसुमार मासेमारी हे असावे. बेसुमार हा शब्द त्याला फार आवडायचा. कचेरीतल्या एका जुन्या फैसल्याची नक्कल करताना तो त्याला भेटला होता, आणि कधीतरी आपणही वापरावा असं मनात होतं. दिलावर पुढं म्हणायचा, "माणसं लोभापायी, रागापायी दुसऱ्याचं वाटोळं करतात. मी रकाना भरायचा म्हणून केलं."

दहा दिवसांत हुकूम आला. कचेरीचा प्यादा भिजत भिजत तो घेऊन आला. वाडीत वाचता येणारा दिलावर एकटाच, म्हणून वाचून दाखवायचं कामही त्याच्याकडंच आलं. भोई लोक चौकीच्या पडवीत जमले. दिलावरनं कागद उघडला.

"पुढील हुकूम होईपर्यंत भोई लोकांनी या पाण्यात जाळी टाकू नयेत. सर्व जाळी आठ दिवसांत पाटलाकडे जमा करावीत. धरणाकडील अधिकारी रावसाहेब पोंक्षे जातीने पाहणीस येतील."

पागोळ्या गळत होत्या. मिशाळ भोयानं हातातली तंबाखू मळायची थांबवली.

"मधी काय गाळलं?" चंद्राबाईनं विचारलं.

"कुठं?"

"तुमी वाचताना वर डोळं फिरावलं आन् मंग खालचं वाचलं. मधी काय हाय?"

दिलावर कागदाची घडी घालायला लागला. पण सगळी वाडी बघत होती. त्यानं ती ओळ वाचली. "सदर ठिकाणी नेमलेले जाणकार इसम दिलावर आतार यांच्या तपशीलवार नोंदीवरून असे दिसते, की भोई लोकांच्या बेसुमार मासेमारीमुळे मासळी नष्ट झाली आहे."

"बेसुमार म्हंजी?" मिशाळ भोयानं विचारलं.

"म्हणजे फार. फारच."

"आमी आखाडात जाळंच टाकत न्हाई मुन्शी. तुमच्या मोजणीपुरतं टाकतो तेवढंच."

हे म्हणताना त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही, आणि म्हणूनच दिलावरला मान वर करता येईना. लोक उठून गेले. चंद्राबाई तेवढी थांबली.

"मुन्शी, तुमी मोजलं कुठं?"

"तोंडाशी. ठरलेल्या पाच जागांवर."

"मग तुमचं मोजणं बराबर हाय," ती म्हणाली. "माणसं गावाला गेल्याती. तुमी घराचं दार वाजवलं, आतनं कुणी ओ दिली न्हाई, म्हणून समदी मेली असं लिवून मोकळं झालात."

"गावाला म्हणजे कुठं?"

"उद्या चला माज्यासंगं. जोडं हितंच ठिवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. चंद्राबाई इरलं घेऊन पुढं, दिलावर घोंगडी, फूटपट्टी आणि मेणकापडात गुंडाळलेली नोंदवही घेऊन मागं. नदीच्या काठाकाठानं, ओढे ओलांडत, गुडघाभर चिखलातून दीड कोसाची वाट. दिलावर चार वेळा पडला. पहिल्यांदा पडला तेव्हा चंद्राबाई थांबली. नंतर थांबेनाशी झाली. नदी सोडून एका ओढ्याच्या अंगानं ती वर चढली आणि भाताच्या खाचरांपाशी आली. खाचरं गेनबा नावाच्या शेतकऱ्याची. आवण, म्हणजे भाताची रोपं, लावून झालं होतं, आणि वरच्या खाचरातलं जादा पाणी बांधाला पाडलेल्या खांडातून खालच्या खाचरात, तिथून ओढ्याला उतरत होतं. पाणी कसलं, गवतावरून वाहणारी वीतभर रुंदीची धार.

त्या धारेतून मासे वर चढत होते.

दिलावरला आधी वाटलं की गवत हलतंय. मग त्यानं खाली वाकून पाहिलं. पाठी पाण्याबाहेर, पोट गवताला घासतंय, अंगाला हिसका देऊन मासा हातभर वर सरकायचा, दम घ्यायचा, पुन्हा हिसका. एकामागं एक. काही घसरून खाली पडायचे आणि परत लागायचे. वर खाचरात रोपांच्या मधून पाण्यावर रेघा उमटत होत्या. गेनबाची बायको बनाबाई बांधाशी टोपली लावून बसली होती. टोपलीत तळाला मासे होते, आणि ती काही घाईनं धरत होती असंही नाही. दारात आलेली भाजी घ्यावी तशी घेत होती.

"हे कधीपासून?" दिलावरनं विचारलं.

"पैल्या लोंढ्यापासनं," गेनबा म्हणाला. "दर सालचंच हाय."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

गेनबाला प्रश्नच समजला नाही. "कुणाला सांगायचं? समद्यांस्नी ठावं हाय."

चंद्राबाईनं टोपलीतली एक कोळशी उचलली आणि पोटावर अंगठा हलकाच दाबला. पिवळसर, राळ्याएवढ्या दाण्यांची गाभोळी तिच्या तळव्यावर उतरली.

"बाळंतपणाला आल्याती," ती म्हणाली. "धरणातलं पाणी खोल. तिथं अंडी जगत न्हाईत. म्हणून उथळ पाण्याला येत्यात. भादव्यात मोठी खाली उतरत्यात, आश्विनात पोरं उतरत्यात. तवा आमी तोंडाशी जाळी टाकतो. आता आमची जाळी तुमी पाटलाच्या घरी बसवली."

दिलावर बांधावर बसला. पाऊस लागलेलाच होता. त्याला महाडची वखार आठवली. आषाढात एकदा खाडीवरचा एक म्हातारा दारात टेकला होता आणि म्हणाला होता, की मासळी गोड्या पाण्याला वर गेली, आता दोन महिने काही खरं नाही. दिलावर तेव्हा सुकट निवडत होता. त्यानं हूं म्हटलं होतं. म्हणजे ही गोष्ट त्याला एकदा खाडीवर सांगून झाली होती, आणि या वर्षी चंद्राबाईनं ती प्रश्न करून दुसऱ्यांदा पुढं ठेवली होती. दोन्ही वेळा त्यानं ती शिताफीनं चुकवली होती.

तिथंच बसून त्यानं पट्टी काढली आणि संध्याकाळपर्यंत धारेतून चढणारे मासे मोजले. एकशे शहाण्णव. त्यातल्या किती जणींच्या पोटात गाभोळी होती तेही लिहिलं.

रावसाहेब पोंक्षे चार दिवसांनी येणार होते. त्या चार दिवसांत दिलावरनं काय केलं, तर एक मसुदा केला. 'अधिक सूक्ष्म निरीक्षणांती आमच्या असे ध्यानात आले, की' अशी सुरुवात होती. आपण मुद्दामच आधी तोंडाशी मोजलं आणि नंतर ठरवून वर गेलो, असा त्याचा सूर होता. भोई लोकांवरचा ठपका त्यात कुठंतरी आपोआप विरघळून जात होता, आणि लिहिणाऱ्याचं नाव मात्र चांगलं उजळून निघत होतं. मसुदा त्यानं तीनदा मोठ्यानं वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तर त्याला स्वतःलाच तो खरा वाटला.

रावसाहेब धरणापर्यंत मोटारीनं आणि तिथून होडीनं आले. उंच, शिडशिडीत, कमी बोलणारा माणूस. तोंडापाशी दिलावर होडीत चढला. चंद्राबाई आधीच पुढच्या टोकाला बसली होती. होडी मिशाळ भोईच वल्हवत होता. रावसाहेबांच्या मांडीवर सहा महिन्यांचे तक्ते होते.

"अक्षर उत्तम आहे," रावसाहेब म्हणाले.

दिलावरनं मान लववली. खिशातला मसुदा त्यानं चाचपला.

"फक्त एक जात मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही." रावसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि मोठ्यानं वाचलं, "कोंडिबा."

"जी?" मिशाळ भोई म्हणाला.

रावसाहेबांनी मान वर केली. "तुला नाही. मी वाचतोय. कोंडिबा, जानेवारीत अकरा."

"जी, म्या कोंडिबा. पण म्या येकलाच हाय."

होडी थांबली. कोंडिबानं वल्ही वर धरली होती आणि त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं. रावसाहेबांनी त्याच्या मिशा पाहिल्या. मग कागदावरचं पुढचं वाचलं. "लांबी सरासरी नऊ इंच. मिशा लांब."

चंद्राबाईनं पदर तोंडात धरला होता. दिलावरनं तिच्याकडं पाहिलं, मग कोंडिबाच्या मिशांकडं, आणि सहा महिन्यांतले सगळे 'बरोबर' त्याच्या कानात एकदम वाजले.

"आणि फुलाबाई?" रावसाहेबांनी थंडपणे विचारलं.

"माजी बहीण," कोंडिबा म्हणाला. "साखरवाडीला दिल्याली. का जी?"

आता खिशातल्या मसुद्याचा काहीही उपयोग नव्हता. सूक्ष्म निरीक्षण करणाऱ्या माणसानं होडी वल्हवणाऱ्याला मासा म्हणून सहा महिने मोजलं होतं. दिलावर पुढं सांगायचा, की त्या क्षणी त्याला लाज वाटली ती वाटलीच, पण तिच्याखाली थोडं हलकंही वाटलं. आता वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"रावसाहेब," तो म्हणाला, "मला मासे ओळखता येत नाहीत. सुकी मासळी ओळखता येते. महाडला मी वखारीत होतो, खाडीवर नव्हतो. मावशींनी मला नावं सांगितली तेव्हा मी त्या प्रत्येक नावाला बरोबर म्हणालो. मासे संपलेले नाहीत. मी जिथं मोजत होतो तिथून ते निघून गेले होते. भोई लोकांनी काही केलेलं नाही. ते वाक्य मी रकाना रिकामा दिसतो म्हणून लिहिलं."

रावसाहेब बराच वेळ पाण्याकडं तोंड करून बसले. त्यांचे खांदे हलल्यासारखे वाटत होते. तोंड वळवलं तेव्हा मात्र चेहरा कोरडा होता.

"कुठं गेले आहेत?" त्यांनी विचारलं.

"चिखलातून जावं लागेल."

रावसाहेबांनी बूट काढले. गेनबाच्या बांधावर ते तासभर उभे राहिले. चढण आता ओसरली होती, तरी सात-आठ मासे चढताना त्यांना दिसले. चंद्राबाईला त्यांनी पुष्कळ विचारलं आणि ती सांगेल ते स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. दिलावरला त्यांनी काहीच विचारलं नाही. परत निघताना तेवढे बोलले.

"जाळी उद्या परत मिळतील. हुकूम मागं घेतो. तुमचे सहा महिन्यांचे तक्ते मात्र रद्द. पुन्हा पहिल्यापासून, पुरं वर्षभर."

"मीच?" दिलावरनं विचारलं. त्याला वाटलं होतं, निदान नक्कलनविसी तरी राहिली तर पुष्कळ.

"दुसरा माणूस पाठवला तर तो पुन्हा पहिल्यापासून चुकेल. तुमच्या चुका करून झाल्या आहेत." मग ते चंद्राबाईकडं वळले. "नावं या बाई सांगतील. खरी."

"व्हय जी," चंद्राबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी दिलावर भोईवाडीत गेला. माफी कशी मागायची हे त्याला ठाऊक नव्हतं. अर्जाची भाषा येत होती, पण ती इथं चालली नसती. तो नुसताच कोंडिबाच्या पडवीत जाऊन बसला. कोंडिबानं बराच वेळ त्याला तसंच बसू दिलं.

"नऊ इंच," शेवटी कोंडिबा म्हणाला.

"सरासरी," दिलावर म्हणाला.

कोंडिबानं तंबाखूची चंची पुढं केली. चंद्राबाई चुलीपुढं बसली होती. तिचं हसू थांबायला बराच वेळ लागला.

त्या वर्षीच्या आश्विनात पाणी निवळलं आणि पोरं उतरायला लागली. पिल्लं बोटभर, काही तर नखाएवढी, पण इतकी, की ओढ्याच्या मुखाशी पाणी सबंध जिवंत झाल्यासारखं सळसळत होतं. चंद्राबाईनं आणि कोंडिबानं आडवं लुगडं धरलं आणि दिलावर मोजायला बसला. एक, दोन, तीन. चारशे बारापर्यंत तो नेटानं गेला. मग एक पिल्लू उडून त्याच्या बाहीत शिरलं, ते काढेपर्यंत आकडा गेला. त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

चंद्राबाईनं थोडा वेळ बघितलं. "मुन्शी, तुमची सगळी हयात हितंच जाईल," ती म्हणाली. "वाटी घ्या. एका वाटीत किती त्ये मोजा. मंग वाट्या मोजा."

दिलावरनं वाटी घेतली. एका वाटीत सुमारे सत्तर भरले. एकशे तेरा वाट्या झाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पिल्लं अजून येतच होती. त्यानं तक्त्यात आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्याशी येऊन तो थांबला, आणि विचार करून एवढंच लिहिलं: यापुढे मोजता आले नाहीत. बाकीचा रकाना त्यानं रिकामा ठेवला.

वर्ष पुरं झाल्यावर रावसाहेबांचा अहवाल छापून निघाला. एक प्रत भोरला आली. तिच्यात दिलावरचं नाव नव्हतं, चंद्राबाईचंही नव्हतं. 'स्थानिक लोकांच्या माहितीनुसार' अशी एक ओळ होती तेवढीच. पण पहिल्या लोंढ्यापासून श्रावण संपेपर्यंत वरच्या ओढ्यांच्या मुखाशी कुणी आडवे बांध घालू नयेत, अशी त्यात शिफारस होती, आणि भोई लोकांच्या जाळ्यांबद्दल वावगं एक अक्षर नव्हतं. दिलावर ती प्रत घेऊन मुद्दाम भोईवाडीत गेला आणि चंद्राबाईला सगळी वाचून दाखवली. दीड तास लागला. तिनं मधे एकदाही तोंड उघडलं नाही.

वाचून झाल्यावर तो तिच्याकडं बघत राहिला. ती नुसतीच समोरच्या पाण्याकडं बघत होती, आणि आता दिलावरला तिचं गप्प बसणं कळत होतं.

"काय चुकलंय?" त्यानं विचारलं.

"आंबळीच्या पोरांचं," ती म्हणाली. "ती आश्विनापातुर थांबत न्हाईत. भादव्यातच उतरत्यात. तुमी त्या आठवड्यात तापानं भोरला पडला व्हता."

दिलावरनं कानावरची पेन्सिल काढली आणि छापील पान गुडघ्यावर घेतलं.